समुद्राचा कानोसा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले जाते, त्यांनी मला तीन वर्षे इतिहास शिकवला आणि एक वर्ष, विज्ञानाचे शिक्षक मिळेनात म्हणून, विज्ञानही शिकवले. त्या एका वर्षातील एक प्रसंग सांगून विषयाला हात घालतो. सुट्टीच्या दिवशी आम्ही मुले मांडवीत डुंबायला जात असू. पाण्याखाली डोके नेले की खनिज वाहून नेणाऱ्या बार्जची धडधड स्पष्ट ऐकू येई; डोके वर काढावे तो सारे शांत. बार्ज नदीच्या वळणापलीकडे असे आणि बऱ्याच वेळाने नजरेस पडे. आम्हांला ही भुताटकी वाटली. गुरुजींना सांगितले तेव्हा ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक लांबट तळे काढले, त्यात एकमेकींपासून दूर दोन होड्या काढल्या, एकीखाली घंटा टांगली आणि १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात कोलाडॉन आणि स्टर्म या दोघांनी केलेला प्रयोग सांगितला. एका होडीवर दारूचा भडका उडे, त्याच क्षणी पाण्याखाली घंटेवर टोला पडे, आणि कित्येक किलोमीटर दूरच्या होडीत पाण्यात नळी सोडून बसलेला माणूस भडका दिसल्यापासून टोला ऐकू येईपर्यंतचा अवधी मोजी. उत्तर आले सेकंदाला सुमारे १,४३५ मीटर, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. “तुम्ही नदीत जे ऐकता ते भूत नव्हे, बातमी आहे,” असे गुरुजी म्हणाले.

आज मी त्याच बातमीचा इतिहास सांगणार आहे. देवमाशांचे आवाज माणसाला कसे ऐकू आले, कोणत्या हेतूने ऐकले गेले, आणि आता अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहत असताना त्या आवाजांसाठी कान लावून बसणे कायद्याने का भाग पडले, हा माझा विषय. इतिहासाच्या माणसाने प्राण्यांच्या प्रांतात शिरू नये, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु ऐकण्यालाही इतिहास असतो. कोणी कोणासाठी कान टवकारले आणि कोणाकडे दुर्लक्ष केले, हे राजेरजवाड्यांच्या दप्तरांत जसे सापडते तसे समुद्राच्या तळाशीही सापडते. देवमासा हा मासा नव्हे, आपल्यासारखा फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी होय, हे या श्रोत्यांना सांगण्याची गरज नाही. शब्द रूढ आहे म्हणून तोच वापरतो.

पाण्यात नळी बुडवून दूरच्या जहाजांचा आवाज ऐकता येतो, हे लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस टिपून ठेवले होते. लाकडी जहाजांवरच्या खलाशांना तर नळीचीही गरज नव्हती. जहाजाच्या तळातून येणारी ठकठक ते ऐकत आणि तिच्या कर्त्याला ‘सुतार मासा’ म्हणत. तो मासा म्हणजे स्पर्म व्हेल, आणि ती ठकठक म्हणजे खोल अंधारात भक्ष्य शोधण्यासाठी त्याने सोडलेले ध्वनी, हा उलगडा पुष्कळ पुढचा. गंमत अशी की, ज्या लोकांनी देवमासे सर्वांत जवळून ऐकले ते त्यांना मारण्यासाठीच निघालेले होते. आपण आज ज्याच्याविषयी मुख्यतः बोलणार आहोत, त्याचे इंग्रजी नावच ‘राइट व्हेल’, म्हणजे मारण्यास योग्य देवमासा, असे पडले. तो संथ पोहतो, किनाऱ्याजवळ राहतो आणि मेल्यावर बुडत नाही, एवढीच त्याची योग्यता. अकराव्या शतकापासून बास्क लोकांनी आणि पुढे न्यू इंग्लंडच्या वसाहतवाल्यांनी उत्तर अटलांटिकमधला हा प्राणी जवळजवळ संपवला. १९३५ साली त्याच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली, तेव्हा मारण्याजोगे फारसे उरलेच नव्हते.

समुद्र पद्धतशीर ऐकण्यास आरंभ झाला तो भीतीपोटी. १९१२ साली टायटॅनिक बुडाले, आणि दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, फेसेंडेन या संशोधकाने पाण्यात ध्वनी सोडून हिमनगावरून परतणारा प्रतिध्वनी टिपून दाखवला. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि हिमनगाची जागा जर्मन पाणबुडीने घेतली. पाण्यातला ध्वनी टिपणारे यंत्र, ज्याला हायड्रोफोन म्हणतात, युद्धनौकांखाली लटकू लागले. दुसऱ्या महायुद्धात या विद्येची भरभराट झाली. पाणबुडीचा कानोसा घेणाऱ्या सैनिकांच्या कानांवर दुसरेही पुष्कळ आवाज पडत: कुरकुर, शिट्ट्या, कण्हल्यासारखे लांब सूर. पण त्यांना सांगितलेले काम एकच होते. जो आवाज शत्रूचा नाही तो गोंगाट, आणि गोंगाट वगळायचा असतो.

या वगळलेल्या गोंगाटाकडे आपुलकीने पाहणारा एक माणूस मॅसॅच्युसेट्समधील वुड्स होल येथील समुद्रविज्ञान संस्थेत होता. विल्यम शेव्हिल हा मूळचा जीवाश्मांचा अभ्यासक. बार्बरा लॉरेन्स यांच्यासह तो क्वेबेकमधील सॅगेने नदीच्या मुखाशी गेला आणि तेथे दोघांनी पांढऱ्या बेलुगा देवमाशांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. १९४९ साली त्यांनी ते वृत्त प्रसिद्ध केले. मुक्त समुद्रात राहणाऱ्या देवमाशाचा आवाज, कोणाचा आहे हे निश्चित ठाऊक असताना टिपला जाण्याची ही जवळजवळ पहिलीच वेळ. मला या घटनेत एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांच्याजवळचे साहित्य नवे नव्हते, युद्धाने ते मुबलक करून ठेवले होते. नवा होता तो प्रश्न. आवाज ‘कशाचा नाही’ याऐवजी ‘कोणाचा आहे’ असे त्यांनी विचारले.

यानंतर शीतयुद्ध आले. सोव्हिएत पाणबुड्यांवर पाळत ठेवण्यासाठी अमेरिकेच्या नौदलाने १९५० च्या दशकात अटलांटिकच्या तळावर हायड्रोफोनांच्या रांगा अंथरल्या आणि जाड तारांनी त्या किनाऱ्यावरील ठाण्यांना जोडल्या. ही सारी व्यवस्था गुप्त होती. तीत एक विलक्षण आवाज सतत येऊ लागला. २० हर्ट्झचा, म्हणजे माणसाच्या श्रवणशक्तीच्या अगदी खालच्या सीमेवरचा, घड्याळासारखा नियमित ठोका. काही मिनिटे ठोके, मग थोडा विराम, पुन्हा ठोके. कोणी म्हणाले, शत्रूचे यंत्र आहे. कोणी म्हणाले, दूरच्या किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा आहेत. एका तर्काप्रमाणे ते देवमाशाच्या हृदयाचे ठोके होते. शेव्हिल, वॉटकिन्स आणि बॅकस यांनी १९६४ साली उत्तर प्रसिद्ध केले: हा फिन व्हेलचा आवाज, आणि मधला विराम म्हणजे त्याचे श्वासासाठी वर येणे. इतका खोल सूर पाण्यात शेकडो किलोमीटर जातो. महासागराच्या एका भागातून दुसऱ्या भागात चाललेली ही हाक, दोन महासत्तांच्या भांडणाच्या तारेवर फुकटात ऐकू आली होती.

बर्म्युडा बेटावरची हकीकत अधिक प्रसिद्ध आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. तेथे नौदलासाठी काम करणारे फ्रँक वॉटलिंग्टन यांनी हंपबॅक, म्हणजे कुबड्या देवमाशाचे आवाज वर्षानुवर्षे टिपून ठेवले होते. शिकाऱ्यांना माग लागेल या धास्तीने त्यांनी ते जपून ठेवले आणि १९६७ साली रॉजर पेन व केटी पेन या दांपत्याच्या हाती सोपवले. आवाजांचे आलेख कागदावर मांडून पाहता ध्यानात आले की, हे सूर ठराविक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. चाल आहे, कडवी आहेत, आवृत्ती आहे. याला गाणे म्हणावे लागले. १९७० साली त्याची ध्वनिमुद्रिका निघाली, १९७१ मध्ये पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, आणि १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर हे सूर सूर्यमालेबाहेरच्या प्रवासालाही निघाले. १९८२ साली आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला, त्यामागे शास्त्रज्ञांच्या आकड्यांइतकाच या गाण्याचाही वाटा होता, असे मानणारे पुष्कळ आहेत. मीही त्यांपैकी एक. लोकमत आकड्यांनी हलत नाही, हे आपण आपल्या सार्वजनिक जीवनातही पाहतो.

येथपर्यंतची कथा सुखाची आहे. परंतु याच वर्षांत एक दुसरी गोष्ट घडत होती, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. देवमासे मारणारी जहाजे कमी झाली, माल नेणारी वाढली. प्रचंड पंख्यांनी चालणाऱ्या या जहाजांचा घोष नेमका त्या खालच्या सुरांत असतो, ज्यांत मोठे देवमासे एकमेकांना साद घालतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे १९६० च्या दशकात नौदलाने घेतलेल्या मोजणीशी चाळीस वर्षांनंतरची मोजणी ताडून पाहता खालच्या सुरांतील गोंगाट १० ते १२ डेसिबेलनी चढलेला आढळला. डेसिबेलचा हिशेब गुणाकाराचा असतो. १० डेसिबेल चढणे म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट होणे. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना दोन वृद्ध माणसे बोलू पाहतात, तेव्हा ती जे करतात तेच राइट व्हेलनी केले. ती ओरडून बोलू लागली आणि आवाज वरच्या पट्टीत नेऊ लागली. सुसान पार्क्स यांनी जुन्या-नव्या ध्वनिफिती तपासून हे दाखवून दिले.

गोंगाटाचा त्रास देवमाशाला होतो काय, हे त्याला विचारता येत नाही. याचे उत्तर एका शोकांतिकेने दिले. २००१ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर काही दिवस जहाजांची ये-जा थंडावली. कॅनडाच्या फंडी उपसागरात त्याच काळात एक गट ध्वनी मोजत होता आणि दुसरा गट राइट व्हेलची विष्ठा गोळा करीत होता. विष्ठेतून शरीरातील ताणाची संप्रेरके मोजता येतात. दोन्ही नोंदी पुढे जुळवून पाहिल्या गेल्या. त्या दिवसांत समुद्र सुमारे ६ डेसिबेलनी शांत झाला होता आणि देवमाशांच्या ताणाची पातळी उतरली होती. रोझालिंड रोलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २०१२ साली प्रसिद्ध केले. असा प्रयोग कोणी मुद्दाम करू शकला नसता आणि करूही नये.

आता पवनचक्क्यांकडे वळू. समुद्रातील पवनऊर्जेचा आरंभ १९९१ साली डेन्मार्कमध्ये विंडेबी येथे ११ चक्क्यांनी झाला. सगळ्यांची मिळून क्षमता ५ मेगावॉटच्या आतबाहेर. २०१७ साली त्या उतरवल्या गेल्या, तोवर युरोपच्या उत्तर समुद्रात हजारो उभ्या राहिल्या होत्या. अमेरिकेत पहिल्या ५ चक्क्या २०१६ च्या डिसेंबरात ऱ्होड आयलंड राज्यातील ब्लॉक आयलंडजवळ फिरू लागल्या. त्यानंतर मॅसॅच्युसेट्सच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाच्या दक्षिणेस ६२ चक्क्यांचा व्हिनयार्ड विंड प्रकल्प आला. त्यातली पहिली वीज २०२४ च्या जानेवारीत किनाऱ्यावर पोहोचली.

चक्की फिरताना होणारी घरघर जहाजाच्या घोषापुढे किरकोळ आहे. खरा प्रश्न पायाचा. एकेक चक्की ज्या पोलादी नळखांबावर उभी राहते, त्याचा व्यास दहा मीटरच्या घरात जातो आणि तो समुद्रतळात ठोकून बसवावा लागतो. एका खांबाला हजारो घाव बसतात. उत्तर समुद्रात असे खांब ठोकले जात असताना छोट्या पॉर्पसांनी वीस-वीस किलोमीटरपर्यंतचा परिसर सोडल्याचे दिसून आले. जर्मनीने म्हणून मर्यादा घातली: ठोकण्याच्या जागेपासून ७५० मीटरवर एका घावाचा ध्वनी १६० डेसिबेलच्या वर जाता कामा नये. (पाण्यातले डेसिबेल आणि हवेतले डेसिबेल यांचे माप निराळे असते. वर्तमानपत्रे दोन्ही एकत्र करून वाचकांना उगाच घाबरवतात.) ही मर्यादा पाळण्यासाठी जी युक्ती रूढ झाली ती मला फार आवडते. खांबाभोवती समुद्रतळावर भोके पाडलेल्या नळ्यांचे कडे टाकतात आणि त्यांतून दाबाची हवा सोडतात. बुडबुड्यांचा एक पडदा तळापासून पृष्ठापर्यंत उठतो आणि घावाचा ध्वनी त्यात बराचसा विरतो.

अमेरिकेत अडचण अधिक बिकट होती, कारण तेथे प्रश्न राइट व्हेलचा होता. २०१०-११ च्या सुमारास या देवमाशांची संख्या ४८० च्या आसपास गेली होती. मग ती घसरू लागली. मेनच्या आखाताचे पाणी तापले, त्यांचे खाद्य असलेले सूक्ष्म कवचधारी जीव सरकले, आणि देवमासे त्यांच्या मागोमाग कॅनडाच्या सेंट लॉरेन्सच्या आखातात गेले. तेथे त्यांच्या रक्षणाची कोणतीच तयारी नव्हती. एकट्या २०१७ साली दोन्ही देशांत मिळून १७ मृत राइट व्हेल सापडले. कारणे मुख्यतः दोन: जहाजांची धडक आणि खेकडे व शेवंड पकडण्याच्या सापळ्यांचे दोर. २०२० च्या सुमारास संख्या ३६० च्या आत आली. त्यानंतर ती किंचित वर सरकली असली तरी अद्याप चारशेला पोहोचलेली नाही. आणि नेमक्या याच वर्षांत हे देवमासे मार्थाज व्हिनयार्ड आणि नँटकेट बेटांच्या दक्षिणेला पूर्वीपेक्षा अधिक आणि जवळजवळ बाराही महिने दिसू लागले. चक्क्यांसाठी आखून दिलेले समुद्राचे तुकडे तेथेच आहेत. तापलेल्या पाण्याने देवमासे तेथे ढकलले, आणि पाणी तापू नये म्हणून उभारायच्या चक्क्याही तेथेच यायच्या होत्या. यात खलनायक शोधू गेल्यास हाती काही लागत नाही.

२०१९ च्या जानेवारीत व्हिनयार्ड विंड कंपनी आणि पर्यावरणाचे काम करणाऱ्या संस्था यांच्यात करार झाला. जानेवारी ते एप्रिल, म्हणजे देवमासे तेथे सर्वाधिक असण्याच्या महिन्यांत, खांब ठोकायचे नाहीत. इतर महिन्यांतही आधी पाहायचे आणि ऐकायचे, मगच ठोकायचे. पुढे सरकारी परवान्यांतही अशाच अटी आल्या. ठोकणे सुरू होण्यापूर्वी ठराविक वेळ निरीक्षक पाण्यावर नजर ठेवतात आणि हायड्रोफोनवर कान ठेवतात. राइट व्हेल दिसला अथवा ऐकू आला, तर काम थांबते. दिसण्यावर विसंबता येत नाही. धुके असते, लाटा असतात, आणि देवमासा बहुतेक वेळ पाण्याखालीच असतो.

ऐकण्याची पद्धत थोडी तपशिलाने सांगतो, कारण तीत माणसाच्या चिकाटीचे दर्शन घडते. राइट व्हेलची ओळखीची हाक सुमारे एका सेकंदाची असते. खालच्या सुरातून वर चढत जाते, जणू कोणी ‘ऊ?’ म्हणून विचारावे. मार्क बॉमगार्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वुड्स होल येथे असे बोये तयार केले की ज्यांचा हायड्रोफोन तळाशी असतो आणि पाण्यावरचा बोया त्याला ताणल्या जाणाऱ्या रबरी नळीने जोडलेला असतो. साधी साखळी लावली तर लाटेसरशी तिचाच खणखणाट ऐकू येतो, म्हणून रबर. तळाशी असलेले यंत्र आवाजांच्या चढउतारांच्या रेघा काढते. दर दोन तासांनी त्या उपग्रहामार्फत किनाऱ्यावर येतात, आणि तेथे प्रशिक्षित माणूस त्या वाचून ठरवतो की ही हाक राइट व्हेलची, ही हंपबॅकची, हे काहीच नाही. शेवटचा निर्णय अजून माणसाकडे ठेवला आहे, कारण हंपबॅक आपल्या गाण्यात राइट व्हेलच्या हाकेसारखे सूर लावतो आणि यंत्र फसते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो, आणि माझ्या मते तोच या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे. ऐकू आले नाही, म्हणजे देवमासा तेथे नाही, असे समजायचे काय? राइट व्हेल काही ठराविक वेळाने हाक देण्यास बांधलेला नाही. तासन्‌तास तो गप्प असतो. आणि सर्वांत गप्प कोण असते? सुसान पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फ्लोरिडा आणि जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळ नुकत्याच विलेल्या माद्यांच्या अंगावर ध्वनिमापक चिकटवून ऐकले गेले. या माद्या पिल्लू लहान असताना नेहमीची हाक जवळजवळ देतच नाहीत. अगदी हलक्या, तोकड्या हुंकारांनी पिल्लाशी बोलतात. शिकारी जलचरांच्या कानी पडू नये म्हणून आई कुजबुजते. ज्या जातीच्या वाचण्याची सारी आशा थोड्या प्रसवक्षम माद्यांवर आहे, त्या जातीत नेमकी तीच मादी हायड्रोफोनला ऐकू येण्याची शक्यता सर्वांत कमी. म्हणून ऐकण्याला पाहण्याची, पाहण्याला ऋतुबंदीची, आणि या सर्वांना बुडबुड्यांच्या पडद्याची जोड द्यावी लागते. यांतले एकही साधन एकटे पुरेसे नाही, आणि ‘आमच्या यंत्राला काही ऐकू आले नाही’ हा कोणाही कंत्राटदाराचा निर्दोषत्वाचा दाखला होऊ शकत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२२ च्या डिसेंबरापासून न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या किनाऱ्यांवर एकापाठोपाठ एक मेलेले हंपबॅक लागू लागले. त्या वेळी चक्क्यांच्या जागांची ध्वनियंत्रांनी पाहणी चालू होती. लोकांनी दोन आणि दोन चार केले. अनेक गावांच्या महापौरांनी काम थांबवण्याची मागणी केली, आणि पुढे हा राजकीय प्रचाराचा मुद्दा झाला. वस्तुस्थिती अशी की, हंपबॅकचे असे वाढीव मृत्यू २०१६ च्या जानेवारीपासून नोंदले जात होते. ज्यांची तपासणी करता आली त्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांच्या अंगावर जहाजाच्या धडकेच्या अथवा दोरात अडकल्याच्या खुणा होत्या, आणि पाहणीच्या यंत्रांमुळे एकही देवमासा मेल्याचा पुरावा अमेरिकेच्या सरकारी शास्त्रज्ञांना सापडला नाही. २०२५ च्या जानेवारीत नव्या राष्ट्राध्यक्षांनी समुद्रातील पवनऊर्जेसाठी नवे पट्टे देणे रोखले. त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट झाली, जिची चर्चा झाली नाही. राइट व्हेलच्या रक्षणासाठी ६५ फूट व त्याहून लांब जहाजांना ठराविक ऋतूंत व जागी १० नॉटची वेगमर्यादा २००८ सालापासून आहे. ती लहान जहाजांनाही लागू करण्याचा २०२२ चा प्रस्ताव त्या महिन्यात मागे घेतला गेला. ज्याने देवमासे मरतात हे सिद्ध आहे, त्याला आणखी लगाम घालण्याचे राहून गेले.

मी पवनचक्क्यांचा वकील नव्हे. त्यांच्या घावांचा ध्वनी क्षुल्लक आहे असेही म्हणत नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला एवढेच दिसते की, ऐकण्याची सक्ती नेहमी शेवटी आलेल्यावर होते. २००८ साली बॉस्टनच्या जलमार्गावर १० कान देणारे बोये बसले, तेही बंदराच्या साऱ्या वाहतुकीसाठी नव्हेत. नव्याने आलेल्या द्रवरूप वायूच्या टर्मिनलला परवाना देताना घातलेली ती अट होती. बोयाने हाक टिपली की वायूची जहाजे मंद होत. शंभर वर्षे समुद्रात घोष करीत आलेल्या मालवाहू जहाजांनी मात्र कधी हायड्रोफोन लावून आधी ऐकावे आणि मग निघावे, असे कोणी म्हटले नाही. जुना गोंगाट वहिवाटीने शांतता ठरतो. आपल्याकडील जमिनींचे खटले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा न्याय परिचित वाटेल.

आता आपल्या समुद्राविषयी थोडे बोलून थांबतो. हे दूरदेशीचे प्रकरण आहे, असे कोणास वाटू नये. भारत सरकारने समुद्रातील पवनऊर्जेचे धोरण २०१५ साली जाहीर केले, खंबायतच्या आखातात वाऱ्याची मोजणी झाली, आणि २०२४ साली गुजरात व तामिळनाडू यांच्या किनाऱ्यांसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. म्हणजे खांब ठोकण्याचा प्रश्न आज ना उद्या अरबी समुद्रातही येणार. आणि या समुद्राचे स्वतःचे हंपबॅक आहेत. जगातील इतर हंपबॅक ऋतूनुसार ध्रुवाकडे जातात. हे येथेच राहतात आणि सुमारे ७०,००० वर्षे इतरांपासून वेगळे आहेत, असे त्यांच्या आनुवंशिक घटकांवरून दिसते. ओमानच्या किनाऱ्यावर केलेल्या मोजणीत त्यांची संख्या शंभराच्याही आत भरली. ते इतके थोडे का उरले, याचा एक पुरावा सोव्हिएत संघ मोडल्यावर बाहेर आला. युरी मिखालेव यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार सोव्हिएत शिकारी ताफ्यांनी १९६० च्या दशकात, बहुतेक १९६६ च्या नोव्हेंबरात, ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांपलीकडे २४२ हंपबॅक बेकायदा मारले होते. ज्या वर्षी पेन दांपत्याच्या हाती बर्म्युडाचे गाणे पडले, त्याच्या आदल्या वर्षी आपल्या समुद्रातले गाणारे संपवले जात होते, आणि आपल्याला पत्ताही नव्हता.

उरलेले अजून गातात. गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात हायड्रोफोन सोडून घेतलेल्या नोंदींत हंपबॅकचे गाणे मिळाले, आणि श्याम कुमार मधुसूदन, बिश्वजित चक्रवर्ती आणि जी. लता यांनी ते शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. आपल्या मच्छीमारांच्या होड्या जेथून जातात तेथे हे चालले आहे. एखाद्या माजी विद्यार्थ्याने या कामात लक्ष घातले, तर गुरुजींच्या फळ्यावरची ती घंटा वाया गेली नाही असे मी समजेन.

आणि २०१७ सालची एक प्रवासिनी. नोव्हेंबरात ओमानच्या मासिरा आखातात शास्त्रज्ञांनी एका हंपबॅक मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवले. तिच्या शेपटीवर धुपाच्या झाडासारखी खूण होती, म्हणून तिचे नाव लुबान. आपल्या देवघरातील लोबान तोच हा शब्द. डिसेंबरात ती सरळ पूर्वेस निघाली, सारा अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली आणि पुढे ओमानला परतली. ती आपल्यासमोरून गेली, हे आपल्याला त्या यंत्रामुळे कळले. पाण्याखाली हायड्रोफोन लावून कोणी बसला असता तरी त्याला कदाचित काहीच ऐकू आले नसते. हंपबॅकमध्ये गातात ते नर.